संप, पलटणी आणि रिकामीं काडतुसें

पुणें जिल्ह्यांतील चिखली हें गांव वारकऱ्यांत ‘टाळगांव चिखली’ या नांवानें ओळखलें जातें. तुकाराम महाराजांच्या वैकुंठगमनाच्या वेळीं त्यांचे टाळ या गांवीं येऊन पडले, अशी परंपरागत श्रद्धा आहे. या श्रद्धेची ऐतिहासिक चिकित्सा करण्याचें येथें प्रयोजन नाहीं. ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट एवढीच कीं, धातूच्या एका लहानशा वस्तूवरून गांवाला नांव मिळालें, आणि तें टिकलें. कारण ती वस्तु कोणाची, ती येथें कशी आली, हें सांगणारीं माणसें पिढ्यान्‌पिढ्या तेथें नांदत होतीं.

चिखलीहून पुण्याकडे निघालें म्हणजे वाटेंत खडकी लागते. तेथें १८६९ सालीं सरकारी दारूगोळ्याचा कारखाना निघाला. त्याही कारखान्यांत धातूच्या लहानशा वस्तू घडत आल्या. परंतु त्यांचें नशीब अगदीं निराळें. इंग्रजी अमदानींत हिंदी सैन्याची जी मुख्य बंदूक होती, तिच्या नळीचा व्यास ०.३०३ इंच असे. आणि या बंदुकीला लागणारीं पितळी काडतुसें पुरविणाऱ्या कारखान्यांत खडकीची गणना होत असे. काडतूस झाडलें म्हणजे गोळी पुढें निघून जाते व पितळेचें रिकामें नळकांडें मागें राहतें. या नळकांड्याच्या बुडावर बारीक ठसे असतात. खडकीच्या मालावर ‘के’ व ‘एफ्’ हीं इंग्रजी अक्षरें, काडतुसाच्या प्रकाराची खूण आणि वर्ष दाखविणारे आंकडे उमटविलेले असत.

असें एखादें नळकांडें जाणत्या माणसाच्या हातीं आलें, तर तें कोठें व केव्हां घडलें हें तो तत्काळ सांगूं शकतो. बुडाच्या मध्यावर पडलेल्या खुणेवरून तें कोणत्या जातीच्या हत्यारांतून झाडलें गेलें, याचाही माग काढतां येतो. परंतु तें कोणावर झाडलें गेलें, हें त्या बुडावर लिहिलेलें नसतें. चांदमारीच्या मैदानावर, सरहद्दीवरील चकमकींत, कीं काम बंद ठेवून रस्त्यावर आलेल्या मजुरांच्या जमावावर? पितळेला हा भेद ठाऊक नसतो. संपाच्या प्रसंगीं जेथें जेथें पलटणी बोलाविण्यांत आल्या, तेथें मागें राहिलेल्या वस्तूंचा विचार करतांना ही अडचण पहिल्याच पायरीवर उभी राहते.

वास्तविक, लढाईंतील वस्तू जपून ठेवण्याची लष्कराची हौस मोठी. शत्रूकडून घेतलेल्या तोफा, फाटकीं निशाणें, सेनापतींच्या तरवारी, शिपायांचीं पदकें यांनीं पलटणींचीं संग्रहालयें भरलेलीं असतात. परंतु संपाच्या वेळच्या बंदोबस्ताला लष्करी भाषेंत ‘मुलकी सत्तेस साहाय्य’ असें नांव होतें. तें युद्ध समजलें जात नसे, आणि तें काम शिपायांना अभिमानाचें वाटावें अशी अपेक्षाही क्वचितच असे. १९०८ सालीं हिंदुस्थानांतील लष्करी सेवेसाठीं जें सर्वसाधारण पदक सुरू झालें, त्यावर निरनिराळ्या मोहिमांच्या नांवांच्या पट्ट्या बसवीत. वझिरिस्तानची पट्टी निघाली. मलबारांतील १९२१-२२ च्या बंडाची निघाली. वायव्य सरहद्दीवरील १९३०-३१ च्या धामधुमीचीही निघाली. त्याच १९३० सालीं सोलापुरांत लष्करी कायदा पुकारला गेला. परंतु ‘सोलापूर’ हीं अक्षरें कोणत्याही पट्टीवर कोरलीं गेलीं नाहींत.

दुसरें कारण हिशेबाचें आहे. जमावावर गोळीबार करणाऱ्या अधिकाऱ्यास किती फैरी झाडल्या याचा जाब द्यावा लागे. शिवाय पितळ ही किंमतीची चीज, त्यामुळें झाडलेलीं नळकांडीं वेंचून परत जमा करण्याची लष्कराची चाल. या काटेकोरपणाचा एक विलक्षण परिणाम इतिहासांत नोंदला गेला आहे. अमृतसरच्या जालियनवाला बागेंत १३ एप्रिल १९१९ रोजीं जो गोळीबार झाला, त्यांत झाडलेल्या गोळ्यांचा आंकडा १,६५० असा नेमका ठाऊक आहे. मेलेल्यांचा आंकडा मात्र सरकारनें ३७९ धरला, आणि तो लोकांनीं कधींही मान्य केला नाहीं. काडतुसांची मोजदाद लागते. माणसांची लागत नाहीं. संपाच्या इतिहासांतही वरचेवर हाच अनुभव येतो.

कोळशाच्या खाणींच्या मुलुखांत हा अनुभव विशेष तीव्रतेनें आला. एके काळीं आगगाड्या, आगबोटी, गिरण्या आणि शहरांतील दिवे हीं सारीं कोळशावर अवलंबून होतीं. खाणकामगारांनीं कुदळ खालीं ठेवली कीं देशाचा व्यवहार थांबण्याची भीति. म्हणून इतर कोणत्याही संपापेक्षां कोळशाच्या संपावर पलटणी धाडण्याची घाई सरकारें अधिक करीत.

वेल्समधील ऱ्हाँडा खोऱ्यांत १९१० च्या नोव्हेंबरांत खाणकामगारांचा मोठा झगडा झाला. टोनिपँडी या गांवांत दंगल उसळली. विन्स्टन चर्चिल तेव्हां ब्रिटनचे गृहमंत्री होते. त्यांनीं आरंभीं लंडनचे पोलिस पुढें केले, व मागाहून घोडेस्वार आणि पायदळ त्या खोऱ्यांत उतरलें. सैनिकांनीं तेथें संगिनींचा धाक घातला. परंतु गोळी झाडली नाहीं. पुढच्याच वर्षीं, १९११ च्या ऑगस्टमध्यें, त्याच दक्षिण वेल्समधील लानेली येथें आगगाडी कामगारांच्या संपांत मात्र पलटणीनें गोळीबार केला व दोन तरुण ठार झाले. आश्चर्य असें कीं, लोकांच्या आठवणींत हे दोन प्रसंग एकमेकांत मिसळून गेले. चर्चिलनीं टोनिपँडीच्या मजुरांवर गोळ्या झाडविल्या, असें पुढें अनेक वर्षें बोललें जाई. लानेलीचीं नांवें मात्र बाहेरच्या जगाला फारशीं ठाऊक झालीं नाहींत. वस्तु मुकी असते हें जितकें खरें, तितकेंच स्मृति घसरते हेंही खरें. दोहोंची सांगड घातल्यावांचून सत्य हातीं लागत नाहीं.

ही सांगड कशी घालावी, याचे दोन धडे अमेरिकेंतील कोळशाच्या मुलुखानें घालून दिले आहेत. पहिला कोलोराडो संस्थानांतील लडलो या ठिकाणचा. १९१३ च्या सप्टेंबरांत तेथील खाणकामगारांनीं संप पुकारला. घरें कंपन्यांच्या मालकीचीं. संपाबरोबर कुटुंबें घराबाहेर पडलीं आणि कामगार संघानें उभारलेल्या तंबूंत राहूं लागलीं. बंदोबस्तासाठीं संस्थानची फौज आली, आणि कालांतरानें तिच्यांत कंपन्यांच्या पहारेकऱ्यांचाही भरणा झाला. २० एप्रिल १९१४ रोजीं सकाळपासून तंबूंच्या वस्तीवर बंदुका व यांत्रिक तोफा चालल्या. सायंकाळीं तंबू पेटले. एका तंबूखालील खड्ड्यांत आश्रयास बसलेल्या दोन बायका व अकरा मुलें धुरानें गुदमरून मेलीं. संपकऱ्यांचा ग्रीक पुढारी लुईस टिकास हाही मारला गेला. त्याला पकडल्यावर एका लष्करी अधिकाऱ्यानें त्याच्या डोक्यावर इतक्या जोरानें बंदूक हाणली कीं, बंदुकीचा दस्ता मोडला. लष्करी न्यायालयानें त्या अधिकाऱ्यास जवळजवळ मोकळेंच सोडलें.

या घटनेनंतर ऐंशींहून अधिक वर्षांनीं, १९९७ पासून, पुराणवस्तुसंशोधकांनीं त्या माळावर उत्खनन हातीं घेतलें. जमिनींत बंदुकीच्या गोळ्या व काडतुसांचीं नळकांडीं सांपडलीं. परंतु संशोधक तेवढ्यावर थांबले नाहींत. तंबूंच्या खुंट्यांच्या रांगा, जळलेलें सामान, डबे, बाटल्या, कपड्यांच्या गुंड्या, मुलांच्या खेळण्यांचे तुकडे यांचीही त्यांनीं तितक्याच बारकाईनें नोंद केली. फौजेच्या कागदपत्रांत ही वस्ती म्हणजे बंडखोरांचा तळ होता. मातींतून निघालेल्या वस्तूंनीं सिद्ध केलें कीं, तेथें संसार चालले होते. गोळी आणि गुंडी एकाच मातींतून निघाल्या, म्हणूनच ती गोळी कोणावर झाडली गेली याचें उत्तर मिळालें.

दुसरा धडा वेस्ट व्हर्जिनियांतील ब्लेअर डोंगराचा. १९२१ च्या ऑगस्टअखेरीस सुमारें दहा हजार खाणकामगार, गळ्यांत लाल रुमाल बांधून, हत्यारांसह त्या डोंगराकडे चालून गेले. समोर कंपन्यांच्या पैशावर उभी राहिलेली शिबंदी होती. कित्येक दिवस गोळीबार चालला. भाड्याच्या विमानांतून घरगुती बाँबही टाकण्यांत आले. त्यांतील न फुटलेला एक बाँब पुढें खटल्याच्या वेळीं न्यायालयांत मांडला गेला. अखेर अध्यक्ष हार्डिंग यांनीं देशाचें सैन्य पाठविलें. संपकऱ्यांत महायुद्धांतून परतलेले पुष्कळ शिपाई होते. ज्या गणवेषांत आपण लढलों त्या गणवेषावर गोळी झाडावयाची नाहीं, अशी त्यांची भावना. त्यांनीं सैन्यापुढें हत्यारें ठेवलीं व ते घरोघर परतले. पलटणी आल्या आणि रक्तपात थांबला, असें हें एक उदाहरण आहे, व तेंही नमूद करणें न्यायाचें ठरेल.

या डोंगराच्या कथेचा उत्तरार्ध अलीकडचा आहे. कोळशासाठीं डोंगराचे माथेच कापून काढण्याची पद्धत त्या मुलुखांत आली, तेव्हां ब्लेअरवरही संकट ओढवलें. २००६ सालीं स्थानिक अभ्यासक व पुराणवस्तुसंशोधक यांनीं डोंगर पालथा घातला आणि हजारावर वस्तूंची, मुख्यतः रिकाम्या काडतुसांची, जागेनिशीं नोंद केली. कोणत्या कड्यावर कोणत्या जातीचीं नळकांडीं किती, यावरून मोर्चे कोठें होते व मारा कोणत्या दिशेनें झाला हें नकाशावर मांडतां आलें. २००९ सालीं ती जागा राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादींत गेली, थोड्याच महिन्यांत यादींतून वगळली गेली, आणि दीर्घ वादानंतर २०१८ सालीं पुन्हा यादींत आली. ज्या नळकांड्यांना भंगारांत कवडीचें मोल आलें असतें, तींच एका डोंगराच्या बाजूनें साक्षीदार म्हणून उभीं राहिलीं. मात्र तीं जेथें पडलीं होतीं तेथेंच त्यांची नोंद झाली, म्हणून हें शक्य झालें. कोणी तीं उचलून खिशांत घातलीं असतीं, तर त्यांची साक्ष तेथेंच संपली असती.

महाराष्ट्रांत कोळशाच्या खाणी आहेत त्या चांदा-वणीच्या बाजूस. परंतु पलटणी आणि कामगार यांची समोरासमोर गांठ येथें पडली ती गिरण्यांच्या शहरांत. लोकमान्य टिळकांना २२ जुलै १९०८ रोजीं सहा वर्षें काळ्या पाण्याची शिक्षा झाली, तेव्हां वर्षाला एक दिवस या हिशेबानें मुंबईच्या गिरणी कामगारांनीं सहा दिवस काम बंद ठेवलें. रस्त्यांवर लष्कर आलें, गोळीबार झाले, माणसें मेलीं. लोकमान्यांवरील खटल्याचा शब्द न् शब्द ग्रंथांत उतरला आहे. त्या सहा दिवसांत पडलेल्या कामगारांपैकीं बहुतेकांचीं नांवेंही कोणास सांगतां येत नाहींत.

सोलापूरची हकीकत याहून निराळी आहे. १९३० च्या मे महिन्यांत गांधीजींच्या अटकेनंतर तें गिरणगांव खवळलें. ८ मे रोजीं पोलिसांचा गोळीबार व जमावाची जाळपोळ झाली, आणि १२ मे रोजीं लष्करी कायदा पुकारण्यांत येऊन शहर सुमारें सात आठवडे फौजेच्या ताब्यांत राहिलें. या दिवसांत लष्कराचें लक्ष वस्तूंवर किती होतें तें पाहण्यासारखें आहे. नगरपालिकेच्या इमारतीवरील राष्ट्रीय निशाण उतरविण्याचा हुकूम सुटला. निशाण बाळगल्याबद्दल शिक्षा झाल्या. गांधी टोपी घालणें धोक्याचें झालें. कापडाचा एक तुकडा व खादीची एक टोपी यांची भीति मशीनगन बाळगणाऱ्या सत्तेला वाटली! मल्लप्पा धनशेट्टी, किसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजीं येरवड्याच्या तुरुंगांत फांशी देण्यांत आलें. सोलापुरांत चार हुतात्म्यांचे पुतळे उभे आहेत, आणि शहरांतील लहान मूलही तो चौक जाणतें. पदकावर जें नांव कोरलें गेलें नाहीं, तें लोकांनीं चौकांत कोरलें.

तिसरा प्रसंग मुंबईचा, १९४६ सालचा. निकृष्ट अन्न व गोऱ्या अधिकाऱ्यांची अपमानाची भाषा यांस कंटाळून १८ फेब्रुवारी रोजीं ‘तलवार’ या नाविक ठाण्यावरील खलाशांनीं संप केला. दोन-तीन दिवसांत ७८ गलबतें, २० किनारी ठाणीं आणि सुमारें २०,००० नाविक संपांत सामील झाले. २१ तारखेस फोर्ट विभागांतील कॅसल बराकींत गोळीबार सुरू झाला. बराकीभोवतीं मराठा पलटणीचा पहारा होता. आंतल्या नाविकांनीं शस्त्रागार उघडून उलट गोळीबार केला. दोन्ही बाजूंच्या हातीं एकाच सरकारच्या बंदुका व एकाच मापाचीं काडतुसें. भिंतीच्या आंत पडलेलें नळकांडें व भिंतीबाहेर पडलेलें नळकांडें यांत ओळखूं येण्यासारखा भेद तो काय असणार? त्याच दिवशीं दुपारीं नौसेनापति गॉडफ्रे यांनीं नभोवाणीवरून नाविकांना धमकी दिली कीं, आरमार नष्ट झालें तरी बेहत्तर, पण सरकार आपलें सर्व बळ वापरील.

दुसऱ्या दिवशीं, २२ फेब्रुवारीला, गिरण्या बंद पडल्या आणि कामगार नाविकांच्या पाठिंब्यासाठीं रस्त्यावर आले. ब्रिटिश पलटणी व चिलखती मोटारी गिरणगांवांत फिरूं लागल्या. परळ भागांत कमल दोंदे या कार्यकर्त्या गोळी लागून मृत्यु पावल्या. २३ तारखेस सकाळीं नाविकांनीं शरणागतीचीं काळीं निशाणें चढविलीं. शहरांतील गोळीबार मात्र लगेच थांबला नाहीं. सरकारी आंकड्यांप्रमाणें त्या दिवसांत २२८ नागरिक ठार व १,०४६ जखमी झाले. आपल्या संपासाठीं इतकीं माणसें मेलीं, पण नाविकांखेरीज त्यांच्याविषयीं बोलणारे फार थोडे उरले. कॅसल बराकीच्या जागीं पुढें नौदलाचें ‘आंग्रे’ हें ठाणें झालें. कुलाब्यांत २००१ सालीं नाविकांच्या उठावाचें स्मारकही झालें. शहराच्या रस्त्यांवर पडलेल्या त्या २२८ जणांची मात्र एकत्र नामावळी लोकांच्या नजरेसमोर नाहीं.

या प्रसंगांतील खरी वेदना अशी कीं, त्यांत परके थोडे व आपले फार होते. मुंबईच्या गिरण्यांत राबणारा मजूर रत्नागिरी-साताऱ्याकडचा. मराठा पलटणींत भरती होणारा जवानही त्याच मातींतला. आणि खडकीच्या कारखान्यांत पितळेवर ठसा उमटविणारा कामकरीही मराठी मुलुखांतलाच, रोजमुऱ्यावर पोट भरणारा. बंदुकीच्या एका टोकाला, दुसऱ्या टोकाला आणि तिच्या काडतुसाच्या बुडाशीं, तिन्ही ठिकाणीं एकाच समाजाचीं माणसें उभीं होतीं. शिपाई क्रूर होता असें म्हणून, किंवा जमाव माजला होता असें म्हणून, हा इतिहास निकालांत काढतां येत नाहीं. मजुराला त्याच्या मजुरीनें तेथें आणलें होतें, शिपायाला हुकमानें आणि कामकऱ्याला पोटानें. त्या तिघांना तेथें आणणारी सत्ता मात्र वस्तुसंग्रहालयाच्या कपाटांत दिसत नाहीं.

अशा वस्तूंचें पुढें काय होतें? बहुतेक वितळतात. पितळ भट्टींत गेलें कीं त्याला नवा आकार येतो व जुनी ओळख पुसली जाते. चिखलीलगतच्या कुदळवाडींत अनेक वर्षें भंगाराची मोठी बाजारपेठ होती; औद्योगिक पट्ट्यांतील मोडक्या यंत्रांचें, पत्र्यांचें व पितळेचें डोंगर तेथें साठत आणि फुटत. २०२५ च्या फेब्रुवारींत महानगरपालिकेनें तेथील गोदामें व शेड फार मोठ्या प्रमाणावर पाडून टाकलीं. मुंबईंत १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, आणि त्यांचे चातेही भंगाराच्या वाटेनें गेले. यंत्र, हत्यार वा घर यांतील प्रत्येक वस्तु जपणें कोणत्याही समाजाला शक्य नसतें, आणि तशी गरजही नाहीं. परंतु जी थोडी वस्तु राहते तिच्यासोबत तिची हकीकत राहिली नाहीं, तर ती वस्तु असून नसल्यासारखी होते.

म्हणून ज्या घरांत आजोबांचा पलटणींतील बिल्ला आहे, ज्या घरांत पणजोबांच्या गिरणींतील हजेरीचें कार्ड आहे, जेथें एखादी जुनी खादीची टोपी पेटींत घडी घालून ठेवलेली आहे, तेथें त्या वस्तूबरोबर एक कागदही ठेवला पाहिजे. ती कोणाची, तो माणूस त्या दिवशीं कोणत्या रस्त्यावर उभा होता, कोणत्या बाजूस उभा होता, आणि त्यास पुढें त्याविषयीं काय वाटलें, एवढें त्यावर लिहिलेलें असावें. बिल्ला आणि हजेरीचें कार्ड एकाच घरांत निघालें, तर तीं दोन्ही एकाच पेटींत ठेवावीं. जमिनींत काडतूस वा गोळा सांपडला तर त्याला हात न लावतां पोलिसांना व जाणत्यांना जागा दाखवावी; कारण जिवंत काडतूस जीव घेतें, आणि रिकामें काडतूस जागेवरून हललें कीं त्याची साक्ष मरते.

खडकीच्या ठशांतून कारखाना कळतो, वर्ष कळतें, प्रकार कळतो. उरलेलें चौथें उत्तर, तें कोणावर झाडलें गेलें हें, कोणताही कारखाना ठशांत उमटवीत नाहीं. तें लिहून ठेवण्याचें काम ज्यांच्या वाडवडिलांनीं तो आवाज ऐकला त्यांचें आहे. आणि १९४६ चा फेब्रुवारी डोळ्यांनीं पाहिलेलीं माणसें आतां फारच थोडीं उरलीं असल्यामुळें, तें काम लांबणीवर टाकण्यासारखें नाहीं.